बारही खजुरीचा जामीन

११ मार्च, अबुल खसीब गाव
बागवान हाजी दियाब याला यंदाही आशा नाही. युद्धात जळलेल्या बागेत त्याने आमच्याच प्रयोगशाळेतली रोपं लावली — बारही जातीच्या एका उत्तम खजुरीपासून बाटलीत वाढवलेली. फळं धरतात ती तीन-तीन चिकटलेली, बिनबियांची, बेचव. "एका आईची लेकरं, मग ही अशी कशी निपजली?"

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. सुहाद शांतपणे म्हणाल्या, "जनुकं आईचीच आहेत, हाजी. दार मोडलेलं नाही, कडी लागलीय. बाटलीत असताना एका जनुकावर रासायनिक खुणा बसल्या, म्हणून ते गप्प आहे. वय वाढतं तशा त्या गळतात. कधीकधी."

"कधीकधीवर घर चालतं होय, डॉक्टरबाई?"

'नक्की' म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं! पण नाही. पुराव्यापलीकडे एक शब्द बोलतील तर शपथ. म्हणून तर मी या बाईवर जीव टाकते.

१४ मार्च
कुऱ्हाड निघाली. एरवी ते नाटकच असतं — एकाने वांझ झाडावर उगारायची, दुसऱ्याने आडवं येऊन जामीन राहायचं, आणि झाडाने घाबरून फळायचं. हाजीचा मुलगा मात्र खरंच तोडायला आला होता. बाई सरळ पहिल्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मी जामीन. सगळ्या रांगेची."

हाजी म्हणाला, "जामीन एकाच झाडाला मिळतो. रीत ती रीत."

संध्याकाळपर्यंत बाकीची रांग आडवी. बाई प्रत्येकाचं पान कापून पिशवीत भरत होत्या. मी हाजीला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली.

२ जून
वाचलेल्या झाडाची फळं सुटी सुटी आहेत! एक कापून पाहिलं — आत बी. बाई कितीतरी वेळ वर बघत उभ्या होत्या. मला रडू आलं.

१९ जुलै
पानांचे निकाल आले. तोडलेल्या झाडांच्याही खुणा गळायला लागल्या होत्या. एकूण एक झाडाच्या.

५ ऑगस्ट
हाजीने पिवळ्या बारहीची पहिली ताटली बाईंपुढे ठेवली. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांकडे बघत हळूच विचारलं, "तीही सुधारली असती का?"

"नाही, हाजी. त्यांचं काही खरं नव्हतं."

म्हातारा मोकळा श्वास घेऊन खाली बसला. मी मान खाली घालून खजूर चावत राहिले.