डबा बदलला आहे

४ मार्च

ती. सासूबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

ठमीच्या दुधाची पावडर मी बदलली. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर बाकीची खुशाली वाचताना तुम्ही हेच शोधत बसाल.

तिचा बाप याच डब्यावर वाढला, असं तुम्ही जाताना बजावलं होतंत. वाढला, मान्य. ही मात्र प्रत्येक बाटलीनंतर अर्धं दूध बाहेर काढते आणि महिनाभर वजन तसूभर हललेलं नाही. चार महिन्यांची पोर, आणि दोन महिन्यांच्या मापाचा झगा तिला सैल होतो. मी शिवणारी बाई, मला काट्याच्या आधी कापड सांगतं. डॉक्टरीणबाईंनी दुसरी पावडर लिहून दिली, ती कालपासून सुरू केली. आधी आईला विचारूया, असं तुमच्या चिरंजीवांचं म्हणणं होतं. मी विचारत नाही, कळवते आहे.

रागवा, पण लोभ आटू देऊ नका.

तुमची सून


९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका आहेत. तीस वर्षं वह्या तपासल्या, सवय जात नाही.

चिरंजीवांचंही पत्र आलं. पोरीला तीन दिवस शी नाही, कुंथून लालबुंद होते म्हणे. घ्या, आगीतून फुफाट्यात! डबा म्हणजे काही झग्याचं कापड नव्हे, नाही आवडलं की दुसरं घ्यायला. महिनाअखेरीस येते आहे, जुन्या पावडरीचे दोन डबे घेऊन. तोवर तुझं शहाणपण बासनात गुंडाळून ठेव.

आशीर्वाद रागातही असतात, ते घे.

सासू


१२ मार्च

ती. सासूबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

चिरंजीवांनी खोटं लिहिलं नाही, अर्धवट लिहिलं. पत्र टाकून ते घरी येईपर्यंत मी पोरीला आणि दोन्ही डबे घेऊन दवाखान्यात पोचले होते. नर्सबाईंनी समोर बाटली तयार करायला सांगितली. मी पावडर घेतली आणि त्यांनी माझा हातच धरला. माझ्या हातात जुन्या डब्यातला चमचा होता.

दोन्ही डब्यांवर 'एक माप' असंच लिहिलंय. मला वाटलं, माप ते माप. नव्या डब्याचा चमचा पावडरीत तळाशी गाडलेला, आणि जुना त्याच्या जवळजवळ दीडपट. इतके दिवस मी पोरीला नको तितकं दाट दूध पाजलं. एका टेपने माप घेऊन दुसऱ्याच टेपने कापड कापणारीला मी दुकानात उभी केली नसती. चूक सर्वस्वी माझी. तिथल्या बाकावर बसून रडले, तेही माझ्याच तोंडून कळू दे.

पण डबा बदलणार नाही. योग्य चमचा लागला आणि दुसऱ्या दिवशी पोट साफ झालं, उलटी एकदाही नाही. चूक चमच्याची होती, निर्णयाची नव्हती. तुम्ही जरूर या, हवं तितकं राहा. ते दोन डबे मात्र परत करून या. माझ्या घरात ते उघडले जाणार नाहीत.

एवढं लिहूनही तुमचीच,

सून


१७ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

डबे परत केले. दुकानदाराने कारण विचारलं, तेव्हा सुनेचा हुकूम म्हणून सांगितलं.

आता माझंही ऐक. माझ्या मुलाचा डबा मी निवडलाच नव्हता, माझ्या सासूबाईंनी आणून ठेवला. तोही वर्षभर ओकायचा. वर्गात चाळीस मुलांना दरडावणारी मी, घरात गप्प बसून पुसत राहायची. त्याच डब्यावर वाढला हे वाक्य त्यांचं, मी नुसतं पाठ केलं. खरं तर तो त्या डब्याला न जुमानता वाढला. तुला चूक कबूल करून वर हुकूमही सोडता आला. मला त्यातलं काहीच जमलं नव्हतं.

चमच्याची गोष्ट मी सगळ्यांना सांगणार आहे, ती काही सोडणार नाही. पण डब्यावरून तुला कोणी बोललं, तर गाठ माझ्याशी आहे.

सासू