आठव्या वाक्यातली सवड

मंगळवार, ३ मार्च

आज दवाखान्याला माझा आवाज दिला! हातमोज्यांची खोकी ठेवतात त्या खोलीत, दार लावून, नर्सच्या मोबाइलसमोर. शुगर असलेल्या आपल्या बायकांच्या फोनवर रोज सकाळी आठला एक निरोप वाजणार – आपल्या भाषेत. एक्केचाळीस बायका. त्यांना इथली भाषा येत नाही आणि दवाखान्यात आपली कुणालाच येत नाही. मला दोन्ही येतात, म्हणून मी. शाळेतल्या मदर आठवल्या. पट्टी टेबलावर आपटून म्हणायच्या, "शब्दाचं शेपूट गिळू नका, मुलींनो." एकही गिळलं नाही.

फक्त आठव्या वाक्याशी अडले. कागदावर होतं – पायाला जखम दिसली तर त्याच दिवशी या, उशीर झाला तर पाय कापावा लागेल. आई दिसली. तिच्या पलंगावरची चादर, एका बाजूला गुडघ्याखाली सपाट. सकाळी सकाळी कुणाला असं कसं ऐकवायचं? मी म्हटलं, "जखम दिसली तर सवडीने येऊन दाखवा. काळजी नसावी."

नर्सने अंगठा वर केला. तिला काय कळणार!

गुरुवार, ५ मार्च

पायांचा निरोप दर गुरुवारी. आठच्या ठोक्याला वन्संचा फोन वाजला. वन्संनी शिलाई मशीन थांबवलं, चष्मा नीट केला आणि ताठ बसून ऐकलं – जशी काही मी पाहुणी आले होते. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, नणंद-भावजय. मग म्हणतात कशा, "फोनमधून किती गोड बोलतेस गं मडम! ही घरात कुठे असते?"

हसले. पण 'सवडीने' ऐकताना मी उठून उगाच नळ सोडला होता.

गुरुवार, १२ मार्च

वन्संच्या मोज्यावर डाग. उजवा पाय, करंगळीजवळ. मशीनचं पायडल मारायचा पाय. नवा बूट चावला म्हणे. बघू म्हटलं तर पाय खुर्चीखाली ओढून घेतला. हॉटेलच्या पडद्यांची ऑर्डर आहे, चौसष्ट पडदे. ते झाले की दाखवणार.

शनिवार, १४ मार्च

दुखत नाही म्हणतात. दुखत नाही याचीच भीती वाटते. आईचाही दुखत नव्हता.

गुरुवार, १९ मार्च

पुन्हा आठ, पुन्हा माझा आवाज. आजच चला म्हणून मागे लागले. वन्सं सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चोवीस पडदे राहिलेत. तूच सांगतेस सवडीने या म्हणून. आता फोनमधल्या मडमचं ऐकू की घरातल्या?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, की ते वाक्य डॉक्टरांचं नाही, माझं आहे. पन्नास वर्षांपूर्वी वर्गात काही फुटलं की मदर विचारायच्या, "कुणी केलं?" तशीच मान खाली घालून उभी राहिले.

आणि बाकीच्या चाळीस जणी? त्या कसली सवड बघत बसल्या असतील?

रविवार, २२ मार्च

करंगळी काळी पडली आहे. मशीनच्या खोलीत वास येतो. वन्संच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. त्यांनी पायडलवरून पाय काढला आणि म्हणाल्या, "उद्या नेतेस?"

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, २३ मार्च

डॉक्टरांनी पट्टी सोडली, नर्सकडे बघितलं. नर्स माझ्याकडे वळली. दुभाषी मीच. म्हणाली, "यांना विचारा, त्याच दिवशी या असा निरोप दर गुरुवारी जातो. मग का नाही आल्या?"

तो प्रश्न मी आपल्या भाषेत विचारला. शब्दाला शब्द, एकही शेपूट न गिळता. पर्स मांडीवर दाबून धरली होती.

वन्संनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "सांग तिला, म्हातारी बहिरी आहे."

आणि मी तसंच सांगितलं!

त्यानंतर डॉक्टर वन्संच्या कानाशी तोंड नेऊन मोठमोठ्याने बोलत राहिले, एक अक्षर न कळणाऱ्या भाषेत. वन्सं गंभीरपणे मान डोलवत होत्या. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "तुझं तोंड पांढरंफटक पडलं होतं. बोट कापणार माझं, मरतेस तू!"

मंगळवार, २४ मार्च

करंगळी गेली. शेजारचं बोटही. बाकीचा पाय राहील की नाही ते शुक्रवारी कळेल. मशीनवर अर्धा पडदा तसाच लटकतो आहे. त्या खोलीत जाववत नाही.

बुधवार, २५ मार्च

नर्सला सांगितलं. उभ्यानेच. बस म्हणाली असती तर बोलता आलं नसतं.

वाटलं होतं हाकलून देईल. तिने हातातली फाइल मिटली आणि हातमोज्यांच्या खोलीचं दार उघडलं. उद्या गुरुवार. कागदावरचं जसंच्या तसं बोलले. आधी माझ्या पदरचं एकच वाक्य घातलं – "बायांनो, याआधी मी चुकीचं सांगितलं होतं." 'कापावा लागेल'ला आवाज फाटला. पुन्हा करते म्हटलं. नर्स म्हणाली, राहू दे तसाच.

गुरुवार, २६ मार्च

सव्वानऊ. आत्ताच नर्सचा फोन आला. "तुमच्या बायका आल्यात, दुभाषी लागेल, लगेच या." किती जणी, विचारलं.

"आत्तापर्यंत सात. अजून जिना चढताहेत."