टाळूवरच्या गाठीचा खुलासा

ती. तोमासाताईस,

ओक्तावियोचा नमस्कार. (डोकं टेकवून केला असता, पण डोक्यावर पट्टी आहे.) भावजींचा दमा कसा आहे? कोंबड्या पुन्हा अंडी देऊ लागल्या का? इकडे कातकामासला मी जिवंत आहे. तुला ही काही बातमी वाटणार नाही, पण गेल्या आठवड्यात मला स्वतःला तिची खात्री नव्हती.

झालं असं. नदीकाठच्या एका गुरंवाल्याच्या कोटाची मापं घ्यायला गेलो होतो. त्यानंतर टाळूवर (नेमकी जिथे केसांनी साथ सोडली आहे तिथे) गाठ आली. पुळी असेल म्हणून मलम चोळलं, तर गाठ आतून हलायला लागली! माझा मेंदूच बाहेर पडायला बघतोय अशी माझी समजूत झाली. (तू म्हणशील, होता कुठे एवढा.) मग मी निरवानिरव सुरू केली. शिलाई मशीनला तेल घातलं, बटणं रंगवार लावली आणि शेजारच्या एर्मेलिंदाबाईंकडे गेलो. त्या विधवा आहेत, घरी चीज करून विकतात, आणि बारा वर्षं मी ते रोज विकत घेतोय. मला ते पचत नाही. आता मरायचंच आहे तर सांगून मरू, म्हणून दारातच टोपी काढून सगळं बोलून टाकलं : गाठ, प्रेम, अपचन. रडलोसुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता बसा, मास्तर, आणि डोकं खाली करा."

गाठीवर डुकराच्या चरबीचा जाड काप ठेवून त्यांनी वरून फडकं बांधलं. गल्लीतली कुत्री दाराशी जमली. बऱ्याच वेळाने काप उचलून त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं आणि श्वास घ्यायला वर आलेली गुबगुबीत अळी चिमट्यात धरून माझ्यापुढे नाचवली. "हा बघा तुमचा मेंदू. तोरसालो! माझ्या गाईंना दरसाल होतो."

माशीची ही अळी गुरांच्या कातडीखाली वाढते, हे मलाही ठाऊक होतं गं. स्वतःला मी गुरांत धरलं नव्हतं, एवढंच.

मरणारा माणूस वाटेल ते बोलून जातो, पण वाचला तर त्याने ते निस्तरायचं कसं? मी टोपी घेऊन सटकणार, तोच त्या म्हणाल्या, "ते मघाचं फक्त मरण्यापुरतंच होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग उद्यापासून चीज बंद. सूप करत जाईन."

भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
ओक्तावियो

ता. क. आईची अंगठी तुझ्याकडे आहे. शनिवारच्या बसने पाठव. पत्र त्यासाठीच लिहिलंय.

आणखी ता. क. एर्मेलिंदाबाई खांद्यावरून वाचतायत. म्हणतात, टोपी काढल्या काढल्याच तोरसालो ओळखला होता. मग तेव्हाच का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "बारा वर्षांनी तोंड उघडलंत, मध्येच कशाला अडवू?"