बदामीत पडलेली नीळ

कळमनुरी
मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. रागिणीस अण्णांचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझं आणि अमरसिंगरावांचंही बरं चाललं असेल असं धरून चालतो. दर रविवारी तू आईला फोन करतेस तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो, त्यामुळे सगळं कानावर येतं. तू "अण्णा कुठंयत?" म्हणालीस की मी आईला हातानेच नाही म्हणून खुणावतो. फोनवर मला बोलणं सुधरत नाही. अक्षर मात्र दुकानांचे बोर्ड लिहून लिहून चांगलं झालंय, म्हणून पत्र.

आधी बातम्या. हरभरे काढायला आलेत. लग्नसराईमुळे रंगाची कामं बरी आहेत, पण लोकांचं डोकं फिरलंय. जो तो मोबाइल पुढे करतो, "असं पाहिजे" म्हणतो. फोटोतला हॉल शाळेच्या पटांगणाएवढा आणि याची खोली दहा बाय दहा. संपतरावांनी दिवाणखान्याच्या तीन भिंतींना तीन रंग सांगितले, चौथीला सोनेरी पट्टे. सोफा आत आल्यावर दार निम्मंच उघडतं, पण पट्टे पाहिजेत. मी म्हणालो, मालक, पाहुणा आत आला तर पट्टे बघेल ना. त्यांना राग आला. मग दिले मारून. ज्याचं घर त्याची हौस.

एक काम मात्र मनाजोगतं आलंय. नीलांबरी मॅडम म्हणून शाळेवर नवीन आल्यात. त्या आणि त्यांची आई, दोघींचंच घर. दोन खोल्या घेतल्यात. सामान थोडंच, पण एकेक वस्तू जपलेली: वडिलांची लोखंडी ट्रंक, आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, पुस्तकांची दोन फडताळं. त्यांनी विचारलं, "घर लहान असलं म्हणजे पांढराच रंग द्यावा लागतो का हो?" मी नेहमीसारखं म्हणणार होतो की लहान खोलीला फिका रंग, म्हणजे मोठी दिसते. पण तुझं आठवलं. तू म्हणायचीस, लहान खोली लहानच राहते, तिला मोठी दिसायला लावू नये, आपली दिसायला लावावी. एकच भिंत गडद करावी, नाहीतर नुसती फडताळाची आतली बाजू रंगवावी. मी मॅडमना म्हणालो, विचार करून सांगतो. त्याचं पुढं लिहितो.

एक गोष्ट आईनं तुला सांगितली नसेल, कारण मीच नको म्हणालो होतो. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन आठवडे झाले. काळजीचं काही नाही, टाके नाहीत, थेंब घालायचे असतात. ऑपरेशन नांदेडला झालं. दोन दिवस आम्ही नांदेडलाच होतो. दवाखान्यापासून तुझं घर रिक्षानं दहा मिनिटांवर आहे, हे मला माहीत होतं. आई म्हणाली जाऊन येऊ. मी म्हणालो, पट्टी बांधलेल्या तोंडानं कुठं जायचं. खरं कारण ते नव्हतं. पट्टी काढल्यावरही मी सरळ बसस्टँड गाठलं.

घरी आलो, काळा चष्मा काढला आणि आपल्या समोरच्या खोलीत तसाच उभा राहिलो. खोली निळी. मागच्या दिवाळीला मी स्वतः दुधाळ पांढरा दिलेला, आणि भिंती शाळेच्या गणवेशासारख्या निळ्या. मी आईला विचारलं, हे कुणी केलं? ती म्हणाली, "तुमीच." मग मी बघितलं तर खिडकीला निळ्या साडीचा पडदा, पलंगावर निळी चादर, देवाच्या फळीखाली निळी झालर. दिवाळीपासून ती बिचारी माझ्या चुकीला मिळतंजुळतं सामान जमवत होती, आणि मी तिला म्हणायचो, तुला दुसरा रंग दिसत नाही का. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस?

"आता काहून इचारता?" ती म्हणाली. "तवा सांगितलं असतं तर माज्याबी अंगावर ब्रश फेकला असता."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

तिथली भिंत तुझी आहे. तू घर सोडलंस त्याच्या आठवडाभर आधी रंगवलेली. आईनं तिला मला हात लावू दिला नाही. तू ती दाखवायला मला ओढत नेलं होतंस, आणि मी म्हणालो होतो, "नुसता लिंबाचा रंग फासलास, यात काय एवढं?" तुझा चेहरा उतरला होता. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं रुसली.

रागिणी, त्या लिंबी रंगावर पांढरी वेल आहे. ओट्यापासून निघून डब्यांच्या फळीवरून थेट आढ्यापर्यंत गेलेली. बारीक पानं, मध्ये मध्ये कळ्या, एका जागी खारही काढलीस. मला त्यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. तीन वर्षं मी त्या भिंतीसमोर बसून जेवलो. मी उजवा डोळा झाकून डाव्यानं बघितलं, तर वेल नाही. डावा झाकला, तर आहे. असं मी किती वेळ केलं ते आईला विचार. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकत गेला की सगळं पिवळट दिसतं, पांढरं नि पिवळं वेगळं कळत नाही. सांगितलं तेव्हा नुसतं ऐकलं होतं.

म्हणजे तुला त्या दिवशीच कळलं होतं. तरी तू आठवडाभर गप्प राहिलीस.

मग कौशल्याबाईंचं घर. त्यांच्या अंगदच्या लग्नाआधी आतल्या खोलीला बदामी द्यायचा होता. मला तो फार पिवळा वाटला म्हणून मी डब्यात नीळ टाकली. मग आणखी टाकली. निम्मी भिंत झाली तेव्हा तू जवळ येऊन हळू आवाजात म्हणालीस, "अण्णा, ह्ये बदामी न्हाई, हिरवं येऊन राहिलं. तुमाला दिसून न्हाई राहिलं. डोळे दाखवू." तू हळूच बोललीस, पण खोली केवढी! कौशल्याबाईंनी ऐकलं, अंगदनं ऐकलं. मी ब्रश फेकून मारला. तुझ्या खांद्याला लागला, ओढणी भरली. मी म्हणालो, तीस वर्षं मी रंग करतोय, तू मला शिकवतेस? माझ्या घरात राहू नकोस. तू त्याच दिवशी नांदेडला मावशीकडे गेलीस.

पुढे चार महिन्यांनी तू अमरसिंगरावांशी लग्न ठरवलंस, सांगायला स्वतः आलीस, आणि मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही. गावानं आपला अर्थ लावला. पोरगी परजातीत गेली म्हणून देविदास तिचं तोंड बघत नाही. कुणी मला शाबासकी दिली, कुणी समजूत घातली. मी कुणालाच खरं सांगितलं नाही. पोरीच्या लग्नावर रागावलेल्या बापाला लोक चहा पाजतात. ज्याला रंग दिसत नाही त्या पेंटरला काम कोण देणार? म्हणून मी तुझं लग्न पुढे केलं आणि त्याच्या आड बसलो. टाइल्स बसवणारा तो पोरगा, त्यानं माझं काहीच बिघडवलं नव्हतं. तीन वर्षं तुला आणि त्याला गावानं नावं ठेवली ती माझ्यामुळे. हे मला आधीही माहीत होतं. डोळ्याच्या ऑपरेशननं कळलेलं नाही.

गेल्या गुरुवारी मी कौशल्याबाईंकडे गेलो. ती भिंत अजून तशीच आहे, शेवाळलेल्या हौदासारखी. मी म्हणालो, पोरगी बराबर होती, मी आंधळा होतो, भिंत पुन्हा करून देतो. त्या म्हणाल्या, "आमाला तवाच दिसलं व्हतं, देविदासभाऊ. पन तुमाला सांगावं कुनी?" दोन दिवसांत भिंत करून दिली. नीळ घरीच ठेवून गेलो होतो. नंतर चौकातल्या हॉटेलात पाच-सात जण बसले होते, त्यांनाही सांगितलं. लग्नाचं, ब्रशचं, सगळं. चहा मात्र त्या दिवशी मीच पाजला.

आता मॅडमचं. माझा डावा डोळा अजून व्हायचाय, पुढच्या महिन्यात. दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात, तोवर मी स्वतः रंग ठरवणार नाही. आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही. चांगले रंग तूच काढायचीस. लोक माझी वाहवा करायचे आणि मी ती घ्यायचो. मॅडमना मी सांगितलंय की रंग माझी मुलगी ठरवते, मी नुसता भरतो. तुझा नंबर दिलाय. आधी तुला विचारायला पाहिजे होतं, पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मी पत्रही लिहिलं नसतं. त्यांचा फोन येईल. नको वाटलं तर त्यांना स्पष्ट सांग, माझी भीड धरू नकोस. मी दुसरा पेंटर बघून देईन. राग गेला असं मला दाखवण्यासाठी तर मुळीच येऊ नकोस.

पण काम घ्यावंसं वाटलं तर एखाद्या रविवारी ये. अमरसिंगरावांनाही आण. त्यांच्याशी मला समोरासमोर बोलायचंय, ते पत्रात लिहून भागणार नाही. मॅडमच्या घरी तू सांगशील ती भिंत, सांगशील तो रंग. डब्यात काय किती टाकायचं तेही तूच सांग. चुकलं तर सगळ्यांदेखत चुकलं म्हण, आणि मोठ्यानं म्हण.

तुझ्या हाताखाली काम करायला तयार असलेला,
अण्णा