पिवळी मिशी

आई, आधी तुझा आशीर्वाद दे, मग बाकीचं वाच.

गोझोहून माल्टा, तिथून सिराक्यूज. वारा सगळीकडे चांगला मिळाला. मी वेळेवर जेवतो, झोपतो. तुझा गुडघा कसा आहे? धाकटी चेट्टा घराबाहेर पडते का थोडी?

काल जुन्या बंदरात शिरलो तर धक्क्यावर बाबांचे दोस्त आल्फिओकाका. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर रंगवलेली पिवळी मिशी बघून लांबूनच ओरडले, "म्हातारा कुठाय? झोपला काय आत? लाटसाहेब!"

मी म्हटलं, "झोपलेत." का म्हटलं, कोण जाणे.

मग त्यांनी किल्ल्यापासून झऱ्यापर्यंत सगळं बंदर फिरवलं. बाबांनी पहिल्या खेपेला होडी कुठे आपटली, तो दगडही दाखवला. मी हसलो. दुपारी त्यांनी मासळीच्या शेवयांच्या दोन ताटल्या आणून दिल्या, एक माझी, एक बाबांची. दोन्ही मीच खाल्ल्या. चव कळली नाही.

बाबा जाऊन सहा आठवडे झाले. घरात कुणी गेलं की मिशी काळी करायची, हे मला कुणी शिकवायला नको. हातच जात नव्हता. तू एका शब्दाने बोलली नाहीस. पण आज पहाटे तू बांधून दिलेल्या पावाखाली काळ्या रंगाचा डबा सापडला.

सकाळीच रंगवली, आई. काका आले, नाळेकडे बघत उभे राहिले, टोपी काढली. मग गेले.

दुपारी एकच ताटली घेऊन आले. ती काही मला संपली नाही.

तुझा,
वेन्झू