तिसरा तुकडा

अंबातोमेना, १८६४

प्रिय व्होला,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बापाच्या भाऊबंदांनी तुझ्या आईची हाडं कुळाच्या थडग्यात घ्यायला नकार दिला, याचं मला नवल वाटलं नाही. चेटकीण ठरलेल्या बाईसाठी थडगं उघडायचं नाही, ही रीत इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. "तांगेनाचं विष पाजलं तेव्हा कातड्याचे तीनपैकी दोनच तुकडे पडले. तिसरा दाखव आणि घेऊन ये आईला," असं थोरला म्हणाला ना? अठ्ठावीस वर्षांनी कोंबडीचं कातडं कुठून आणायचं, हे त्यालाही कळतं. मेला पहिल्यापासूनच खवचट आहे.

तू तेव्हा चार वर्षांची होतीस. तुझी आई माझी शेजारीण, पण सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. भात कांडता कांडता तिनं मला अक्षरं शिकवली, उखळाशेजारी सांडलेल्या कोंड्यात बोटानं काढून. राणीनं प्रार्थनेवर बंदी घातली, गोरे पाद्री जहाजात बसून गेले, तुझा बाप भीतीनं रानात पळाला तो परतलाच नाही, तरी हिचं वाचन चालूच. मी म्हणायचे, "अगं, हळू वाच. भाल्याला बायबल कळत नाही." ती म्हणायची, "म्हणून तर मोठ्यानं वाचते." असली हट्टी. मला तिचा राग यायचा, आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

मग माझा ताहिना तापानं पडला. सहा वर्षांचं पोर. तीन दिवस तिनं त्याला मांडीवर घेतलं, कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. तिच्याच मांडीवर तो गेला. माझा नवरा तडक अंमलदाराकडे गेला. "हिनं पुटपुटून पुटपुटून माझं पोर खाल्लं," म्हणाला. मी त्याला अडवलं नाही. खरं सांगते, त्या आठवड्यात मलाही तसंच वाटत होतं.

तिला पटांगणात आणलं. आधी भात खायला घातला, मग अंगठ्याच्या नखाएवढे कातड्याचे तीन तुकडे न चावता गिळायला लावले. त्यावर केळीच्या रसात खरवडलेलं तांगेनाचं बी. तिन्ही तुकडे ओकून पडले तर बाई निर्दोष, नाहीतर चेटकीण. विषाच्या देवाला हात जोड म्हटलं, तर तिनं जोडले नाहीत. "तुझा देव येणार का तुकडे मोजायला?" अंमलदार हसला. "तो डोक्यावरचे केस मोजतो. कातडं तुम्हीच मोजा," ती म्हणाली. त्यानं भाल्याचा दांडा तिच्या तोंडावर हाणला, दोन दात मातीत पडले. मग घशात पेज ओतत राहिले. ती गुरासारखी ओकली, पेज लाल होईपर्यंत. एक तुकडा पडला, दुसरा पडला. "तिसरा कुठाय?" अंमलदारानं विचारलं. ती धापा टाकत म्हणाली, "माझ्या पोटात नाही, एवढं नक्की." त्यावर सगळे ओरडले, "पचवला! चेटकिणीनं पचवला!"

मुसळं आणली. रोज जिच्याबरोबर भात कांडायचो तिच्यावरच ती चालवली, आधी पाठीवर, मग डोक्यावर. जबडा मोडेपर्यंत ती प्रार्थना म्हणत होती, नंतर नुसता घशातला आवाज येत राहिला. माझ्याही हातात मुसळ दिलं होतं. मी मारलं नाही, असं मी तुला आजवर सांगत आले, आणि ते खरं आहे. पाय धरून तिला फरफटत नेलं आणि गावाबाहेरच्या खळग्यात दक्षिणेला डोकं करून पुरलं, चेटकिणीला पुरतात तसं.

आता उरलेलं लिहिते. तिसरा तुकडा दुसऱ्याच्या मागोमाग पडला, माझ्या पायाशी, आणि मी त्यावर पाय ठेवला. तिन्ही निघाले असते तर खोटा आळ घेतला म्हणून माझ्या नवऱ्याची मान गेली असती. पोर गेलं होतं, नवरा तरी राहावा असं वाटलं. तुझ्या आईनं माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. नुसतं बोट दाखवलं असतं तरी वाचली असती. ती खोटं बोलली नाही आणि माझं नावही घेतलं नाही. नवरा पुढं सोळा वर्षं जगला, मी त्याला रोज भात रांधून वाढला. तुला वाढवलं, तू मला आई म्हणालीस, मी म्हणू दिलं. पोरी, हे पत्र थोरल्यापुढं, सगळ्या भाऊबंदांसमोर मोठ्यानं वाच. त्यांना खोटं वाटलं तर मला बोलवा, उभी राहून सांगेन. तिला रेशमी वस्त्रात गुंडाळून थडग्यात ने. आणि मी मेले की मला नवऱ्याशेजारी ठेवू देऊ नकोस. त्या खळग्यात तिची जागा रिकामी होईल. तिथं मला पुरा, दक्षिणेला डोकं करून.

हे वाचल्यावरही तू मला 'तुझी' म्हणू दिलंस तर, तुझीच
बाको