निळ्या फाटकाचा भाव

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. संकल्प तीन: रोज लिहिणे, खरे लिहिणे, घर विकणे.
नदीपलीकडे कारखाना निघाल्यापासून शहरात बाहेरची माणसं लोटली आहेत. ज्या खोलीत गेल्या वर्षी कोणी भंगार ठेवलं नसतं, तिच्यासाठी आता रांग लागते. आमच्या दुमजली घराचा भाव दुप्पट झाला. मी यासाठी काहीही केलेलं नाही. यालाच दूरदृष्टी म्हणतात.

५ फेब्रुवारी
कंत्राटदार येऊन गेला. दोन्ही मजले घेणार, कामगारांसाठी पलंगावर पलंग टाकणार. भिंतीवर मुठी मारून पाहिल्या. प्लास्टर पडलं. मधल्या भिंती पाडायच्याच आहेत म्हणाला. दस्त २४ तारखेला.
वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला, वेल्डरला, सांगायचं राहिलं. तो, बायको, आई आणि दीड वर्षाची पोर. सज्जन माणूस. आपल्या फाटकाचं बिजागर फुकट जोडून दिलं. उद्या सांगेन.

६ फेब्रुवारी
नाही सांगितलं. त्याची आई जिन्यात भेटली, तब्येत विचारली. अशा वेळी विषय काढणं रसभंग.

८ फेब्रुवारी
अडचण: हे घर विकून टेकडीवरच्या कॉलनीत बंगला घ्यायचा, तर तिथलाही भाव दुप्पट. कारण तेच, बाहेरचे.
उपाय सुचला. आधी विकायचं, मग कुऱ्हाड. बावीस वर्षं वार्ताहर म्हणून गटारं आणि सत्कार लिहिले. आता 'परशु' या टोपणनावाने असा लेख लिहायचा की लोक खवळले पाहिजेत. बाहेरचे पळतील, भाव कोसळेल, बंगला माझा.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, ते आलेत म्हणून भाव आहे, ते गेले तर घेणार कोण? शिवाय तुम्ही तरी इथले कधीपासून, एक ट्रंक घेऊन आलात ना? म्हटलं, मी आलो नव्हतो, माझी बदली झाली होती. ती खलबत्त्यात काहीतरी कुटू लागली. फार जोरात.

११ फेब्रुवारी
लेख झाला. शीर्षक 'उपटा!'. वीररस उत्तम साधला आहे. 'हाकला' पाच वेळा, 'मुळासकट' सात वेळा.
मात्र उदाहरणावाचून लेखाला प्रामाण्य येत नाही, आणि बाहेरच्यांचं जवळून पाहिलेलं घर एकच. म्हणून लिहिलं: 'बाजारामागच्या गल्लीत, निळ्या फाटकाच्या घरात, दोन खोल्यांत अकरा माणसं.' आहेत साडेतीन. पण अतिशयोक्ती हा अलंकार आहे, खोटेपणा नव्हे.

१२ फेब्रुवारी
लेख उपसंपादकाकडे दिला. वर पेन्सिलीने 'चोवीसनंतर'. इतक्या लवकर द्यायची गरज नव्हती, पण असलं गरम लेखन खणात निवतं. त्याने उभ्याउभ्या वाचलं. म्हणाला, काका, पेटवलंत की! दिवस चांगला गेला.

१५ फेब्रुवारी
बाजारात एका खोलीवरून मारामारी. इथले चार, बाहेरचे तीन, मधे दलाल. सायकलची चेन फिरली, दलालाचा दात माझ्या चपलेपाशी येऊन पडला. तो शोधत होता, मी दाखवला. बातमी चार ओळी.
निष्कर्ष: मागणी अजून भक्कम आहे.

१९ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
लेख छापून आला. आज!
टायरवाल्याची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली, पानात भोक पडलं, आणि 'परशु' त्या भोकात चपखल बसला. उपसंपादकाला फोन केला. म्हणाला, पेन्सिलीचं कोण वाचतं, काका?
बायको मोठ्याने वाचत होती. 'निळ्या फाटकाच्या'पाशी थांबली. खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हटलं, गल्लीत निळी फाटकं पुष्कळ आहेत.
एकच आहे.

सकाळी ८.१५
हिरवा रंग आणला.

दुपारी ४, न्हाणीघर
कडी लावून लिहितो आहे.
अर्धं फाटक झालं होतं. चाळीसेक जण आले, हातात गज, खिशांत दगड. पुढच्याने विचारलं, आजोबा, निळं फाटक कुठंय? (मी अठ्ठेचाळीसचा आहे.) मी ब्रशने पुढची गल्ली दाखवली. त्याने ब्रश पाहिला, फाटक पाहिलं आणि थोबाडीत दिली. चष्मा गटारात.
फाटक निघेना. वेल्डरचं बिजागर. शेवटी त्यांनी खांबच पाडला. काचा एकेक करून गेल्या. मी सुरक्षित स्थळी आलो, कोणीतरी साक्षीदार उरायला हवा.
वेल्डर जिन्यात उभा राहिला. ओरडत होता, वर लेकरू आहे, वर यायचं नाही, मारायचं तर मला मारा. त्यांनी मारलं. हाड मोडल्याचा आवाज होतो असं मी अनेकदा लिहिलं आहे. खरोखर होतो.
बायकोने गच्चीवरून कुंड्या सोडल्या. नऊ. कोरफडीची पुढाऱ्याच्या डोक्यावर. रक्त फाटकापर्यंत. मग पांगले, मग पोलीस आले.

२१ फेब्रुवारी
इस्पितळात गेलो. वेल्डरचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. तो म्हणाला, तुम्ही त्यांना चुकीची गल्ली दाखवलीत, काकूंनी सांगितलं, उपकार झाले काका. मग विचारलं, तुम्ही पेपरातले, हा परशु कोण हो?
म्हटलं, शोध चालू आहे.
बायको सफरचंद कापत होती. सुरी थांबली.

२४ फेब्रुवारी
नोंदणी कार्यालयात तीन तास बसलो. कंत्राटदार आला नाही. फोनवर म्हणाला, दंगल झाल्यावर कारखान्याने निम्मं काम दुसरीकडे हलवलं, माणसं ट्रक भरून चाललीत, तिथे झोपवू कोणाला? तुम्हाला?
भाषा असभ्य.

२ मार्च
माझं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. टेकडीवरचा बंगला निम्म्या भावात! आता फक्त आपलं घर विकलं गेलं पाहिजे.
वेल्डर घर सोडून गेला. जाण्याआधी डाव्या हाताने फाटक उभं करून दिलं. किल्ली बायकोकडे दिली. तेव्हा तिने त्याला सांगितलं, परशु कोण ते. माझ्यासमोर, चहाचे भाव सांगावेत तसं.
त्याने प्लास्टरचा हात वर केला. मी तोंड झाकलं.
त्याने खांद्यावरच्या पोरीचं टोपडं सारखं केलं आणि निघाला.

९ मार्च
वरचा मजला रिकामा नाही. तिथे बायको राहायला गेली. आतून कडी. खालून हाक मारली तर म्हणते, मी आले नाही, माझी बदली झाली.
गल्लीत 'भाड्याने देणे'च्या पाट्या अकरा. या वेळी मोजून.
खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची जाहिरात लिहिली: 'बाहेरगावच्या कुटुंबास प्राधान्य.' जाहिरात विभागाचा मुलगा म्हणाला, जागा एकच शिल्लक आहे काका, परशुच्या नव्या सदराखाली. चालेल म्हटलं.
त्याने पत्त्यासाठी घराची खूण विचारली.
अर्धं निळं, अर्धं हिरवं फाटक.